‘नुसता मुरगळलाय’ या निदानाला मुदत हवी



काही महिन्यांपूर्वी चव्वेचाळीस वर्षांच्या एक अंगणवाडी सेविका माझ्याकडे आल्या. तक्रार साधी होती. “डॉक्टर, पाच महिन्यांपूर्वी पाय मुरगळला होता. सूज काही उतरत नाही.” पावसाळ्यात अंगणवाडीच्या ओल्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला होता आणि उजवा घोटा आतल्या बाजूला वळला होता. संध्याकाळपर्यंत घोटा टम्म सुजला. शेजारणीने आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप लावला. दुसऱ्या दिवशी त्या लंगडत का होईना कामावर गेल्या. “चालता येतंय ना, मग हाड मोडलेलं नाही,” असं घरातल्या सगळ्यांचं मत पडलं. आठ दिवसांनी गावातल्या एकाने तेल लावून घोटा चोळून, ओढून ‘बसवून’ दिला. पुढे जवळच्या दवाखान्यात दोनदा इंजेक्शन आणि गोळ्या झाल्या. तिथेही त्यांना हेच सांगण्यात आलं, की नुसता मुरगळलाय, होईल बरा.

मी एक्स-रे काढला आणि त्यांना दाखवला. “ताई, हे बाहेरच्या बाजूचं हाड मोडलं होतं. आता ते जुळलंय, पण आखूड होऊन आणि वाकडं जुळलंय.”

“असं कसं? मी तर रोज चालत होते की!”

त्यांचा हा प्रश्न मला गेल्या अनेक वर्षांत शंभरदा तरी ऐकावा लागला आहे. म्हणून आजचा लेख. घोट्याचं हाड मोडलेलं लक्षात न आल्यास पुढे काय होतं, त्यावर काय उपचार आहेत, हे तर मी सांगणारच आहे. पण त्यासोबत माझं एक ठाम मतही मांडणार आहे. ‘मुरगळला’ हे निदान प्रत्येक वेळी मुदत घालून द्यायला हवं. दूध-दह्याच्या पिशवीवर जशी तारीख असते, तशी. त्या तारखेपर्यंत पाय सुधारला नाही, तर ते निदान रद्द समजायचं आणि नव्याने तपासायचं.

घोटा कसा बनलेला आहे?

घोट्याच्या सांध्यात तीन हाडं असतात. नडगीचं जाड हाड, त्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारं बारीक हाड, आणि या दोघांच्या मधल्या खाचेत बसलेलं टॅलस नावाचं हाड. घोट्याच्या आत-बाहेर आपल्याला जी दोन उंच टेंगळं हाताला लागतात, ती वरच्या दोन हाडांची खालची टोकं. सुताराने लाकडात खाच पाडून त्यात दुसरा तुकडा घट्ट बसवावा, तसं टॅलस या खाचेत बसलेलं असतं. ती खाच थोडी जरी रुंद झाली, तरी आतलं हाड हलायला लागतं.

हे ‘थोडं’ म्हणजे किती? १९७६ साली रॅम्से आणि हॅमिल्टन या दोन डॉक्टरांनी मृतदेहांच्या पायांवर एक प्रयोग केला. टॅलस बाहेरच्या बाजूला फक्त १ मिलिमीटर सरकवलं, तर सांध्यातली हाडं एकमेकांना जिथे टेकतात तो भाग ४२ टक्क्यांनी कमी झाला. नंतरच्या अभ्यासांत हा आकडा यापेक्षा कमी आला, पण मूळ मुद्दा टिकून आहे. सगळ्या शरीराचा भार जर कमी जागेवर पडू लागला, तर तिथली कूर्चा, म्हणजे सांध्यातलं गुळगुळीत अस्तर, लवकर झिजतं. गुडघा बहुधा वयोमानाने झिजतो. घोट्याचं तसं नाही. घोट्याची झीज घेऊन येणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या इतिहासात कधीतरी झालेली दुखापत सापडते. अनेकदा ती त्यांच्या विस्मरणात गेलेली असते.

तीन समजुती, ज्या पायावर बेततात

पहिली समजूत : चालता येतंय, म्हणजे हाड मोडलेलं नाही. शरीराचं बहुतेक वजन नडगीच्या जाड हाडावरून जातं. बाहेरच्या बारीक हाडावर त्यातला थोडाच वाटा येतो. त्यामुळे बारीक हाड मोडलेलं असतानाही माणूस लंगडत चालू शकतो. आमच्या अंगणवाडीताई पाच महिने चालल्या, त्याचं कारण हेच.

दुसरी समजूत : बोटं हलतात, म्हणजे हाड शाबूत आहे. बोटं हलवणारे मुख्य स्नायू पोटरीत आणि नडगीच्या बाजूला असतात. त्यांच्या दोऱ्या घोट्याजवळून बोटांपर्यंत जातात. घोट्याचं हाड मोडलं तरी या दोऱ्या आपलं काम करत राहतात. त्यामुळे बोटं हलली यावरून घोट्याच्या हाडाबद्दल काहीच कळत नाही.

तिसरी समजूत : चोळलं की बसतं. ताज्या दुखापतीत आत रक्तस्राव झालेला असतो. जोरात चोळल्याने तो वाढतो, सूज वाढते आणि मोडलेला तुकडा जागेवरून सरकू शकतो. जे फ्रॅक्चर नुसत्या प्लास्टरने बरं झालं असतं, त्याला ओढाताणीनंतर ऑपरेशन लागल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. तेल लावणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, हे मला मान्य आहे. पण आत काय मोडलंय हे बोटांना दिसत नाही.

एक्स-रे कुणाला हवा, कुणाला नको?

इथे काहीजण म्हणतील, “डॉक्टर, मग प्रत्येक मुरगळलेल्या पायाचा एक्स-रे काढायचा का? तुमचं काय जातं सांगायला!” रास्त प्रश्न आहे. उत्तर आहे, नाही. मुरगळलेल्या बहुतेक पायांत खरोखरच फक्त सांध्याचे बंध ताणलेले असतात.

कुणाचा एक्स-रे काढायचा हे ठरवण्यासाठी १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावा शहरात डॉ. इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही सोपे नियम तयार केले. जगभर ते ‘ओटावा नियम’ म्हणून वापरले जातात. घोट्याच्या आसपास दुखत असेल आणि खालीलपैकी एक जरी गोष्ट असेल, तर एक्स-रे काढायचा.

१. बाहेरच्या टेंगळाच्या टोकावर किंवा त्याच्या मागच्या कडेने वर ६ सेंटिमीटरपर्यंत हाडावर दाबलं असता दुखतं.

२. आतल्या टेंगळाच्या टोकावर किंवा त्याच्या मागच्या कडेने तसंच दाबलं असता दुखतं.

३. दुखापत झाल्या झाल्या आणि तपासणीच्या वेळीही, दोन्ही वेळा, त्या पायावर भार देऊन चार पावलं टाकता येत नाहीत. लंगडत टाकली तरी चालतात.

दुखणं पावलाच्या मधल्या भागात असेल, तर आणखी दोन जागा दाबून पाहायच्या. एक म्हणजे पावलाच्या बाहेरच्या कडेला साधारण मध्यावर हाताला लागणारा उंचवटा. करंगळीकडे जाणाऱ्या लांब हाडाचं ते मूळ. दुसरी म्हणजे आतल्या टेंगळाच्या थोडं पुढे आणि खाली असलेलं छोटं हाड. यातली एक जागा दुखली किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर पावलाचा एक्स-रे.

२००३ साली २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. या नियमांनुसार ज्यांना एक्स-रेची गरज नव्हती, त्यांच्यापैकी २ टक्क्यांहूनही कमी लोकांत प्रत्यक्षात फ्रॅक्चर निघालं. आणि नियम पाळले तर ३० ते ४० टक्के अनावश्यक एक्स-रे टळू शकतात, असंही त्यात दिसलं. म्हणजे रुग्णाचे पैसेही वाचतात आणि फ्रॅक्चर सुटण्याची भीतीही कमी होते. ही सगळी तपासणी करायला एक मिनिट लागतं. ओपीडीत कितीही गर्दी असो, एक मिनिट निघतंच. बूट-मोजे काढायला न लावता, हात न लावता ‘मुरगळलाय’ म्हणणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना माझी एवढीच विनंती आहे.

काही जणांना मात्र हे नियम लावू नयेत. दारू प्यायलेला माणूस, डोक्याला मार लागलेला किंवा शुद्ध हरपलेला रुग्ण, ज्याला दुसरीकडे मोठी दुखापत आहे तो, आणि मधुमेहामुळे ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे तो. यांना दुखतंय की नाही हे नीट सांगताच येत नाही. लहान मुलं, पाळी गेलेल्या स्त्रिया आणि हाडं ठिसूळ झालेले वृद्ध यांच्याबाबतीत मी स्वतः एक्स-रेचा उंबरठा खालीच ठेवतो.

एक्स-रे ‘नॉर्मल’ आला, म्हणजे सुटलो का?

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एक कबड्डी खेळणारा तरुण पाय मुरगळून आला. बाहेरच्या टेंगळाच्या जरा खाली दुखत होतं. मी तपासलं, एक्स-रे काढला, पाहिला आणि सांगितलं, “फ्रॅक्चर नाही. लचक आहे. पंधरा दिवसांत मैदानावर येशील.” पुन्हा केव्हा यायचं, हे मी सांगितलं नाही. तोही आला नाही. तीन महिन्यांनी आला तो लंगडतच. या वेळी सीटी स्कॅन केला. टॅलसच्या बाहेरच्या कोपऱ्याचा तुकडा उडालेला होता आणि त्याखालचा सांधा खराब व्हायला लागला होता. मी जुना एक्स-रे पुन्हा काढून पाहिला. बारीक रेघ तिथे होती. माझ्या नजरेतून सुटली होती. तुकडा मोठा असता आणि लवकर सापडला असता, तर स्क्रूने बसवता आला असता. उशीर झाल्याने तो काढून टाकावा लागला. मुलगा चालतो-फिरतो, नोकरी करतो. कबड्डी सुटली.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. ‘लचक’ असं लिहिलं की त्याच ओळीत तारीख लिहायची.

एक्स-रेत पहिल्या वेळी सहज सुटू शकणारी काही फ्रॅक्चर अशी :

टॅलसच्या बाहेरच्या कोपऱ्याचं फ्रॅक्चर. ही जागा नेमकी तिथेच असते, जिथे साधी लचकही दुखते. त्यामुळे डॉक्टरही फसतो.

टॅलसच्या मानेचं फ्रॅक्चर. उंचावरून पडल्यावर किंवा गाडीच्या अपघातात होतं. टॅलसचा अर्ध्याहून अधिक पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला असल्याने रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा कमी मिळते. फ्रॅक्चरमध्ये त्याच वाहिन्या तुटल्या, तर हाडाचा काही भाग अक्षरशः मृत होतो आणि पुढे खचतो.

करंगळीच्या लांब हाडाच्या मुळाजवळचं फ्रॅक्चर. याचा एक प्रकार जुळायला फार वेळ घेतो. सर रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश अस्थिशल्यविशारदाने १९०२ साली त्याचं वर्णन केलं. नाचताना त्यांचं स्वतःचंच हाड असं मोडलं होतं. एवढ्या मोठ्या सर्जनलाही नाचताना नुसता पाय वळून फ्रॅक्चर झालं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

गुडघ्याखालचं फ्रॅक्चर. हे ऐकून आश्चर्य वाटेल. घोट्याला जोराचा पीळ बसला, की तो पीळ दोन हाडांना बांधून ठेवणारे बंध फाडत वर चढतो आणि बारीक हाड थेट गुडघ्याजवळ मोडतं. घोट्याच्या एक्स-रेत ती जागा येतच नाही. म्हणून घोटा मुरगळलेल्या माणसाला गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूलाही दाबून पाहायचं असतं.

मुलांमधलं वाढीच्या भागाचं फ्रॅक्चर. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी असलेला वाढीचा पट्टा शेजारच्या बंधांपेक्षा कमजोर असतो. त्यामुळे मोठ्यांना जिथे लचक बसते, तिथे मुलांना त्या पट्ट्यावर इजा होऊ शकते. दुर्लक्ष झालं तर पाय वाकडा वाढण्याचा धोका असतो.

घोट्याचा एक्स-रे शक्यतो तीन दिशांनी काढायला हवा : समोरून, बाजूने आणि पाय थोडासा आत वळवून. एकाच फोटोवर निकाल देणं म्हणजे घराचा दर्शनी भाग पाहून मागची भिंत पडली नाही असं सांगणं. शंका राहिली तर सीटी स्कॅन हाडाचे बारीक तुकडे दाखवतो. बंध, कूर्चा आणि हाडातली सूज पाहायला एमआरआय उपयोगी पडतो.

मधुमेहींसाठी वेगळी सूचना

मधुमेह जुना असेल आणि पायाला बधिरता असेल, तर हाड मोडूनही फारसं दुखत नाही. पाय सुजतो, लाल होतो, दुसऱ्या पायापेक्षा हाताला गरम लागतो. बरेचदा याला जंतुसंसर्ग किंवा युरिक ॲसिडचं दुखणं समजून गोळ्या दिल्या जातात. रुग्ण दुखत नाही म्हणून चालत राहतो आणि पावलातली हाडं एकामागून एक ढासळत जातात. याला शारको फूट म्हणतात. सुरुवातीला तर एक्स-रेही ठीक दिसू शकतो. एक पाय गरम, एक गार, आणि मधुमेह, हे तीन एकत्र आले की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोवर त्या पायावर भार देऊ नका. वेळेत विशेष प्लास्टर घातलं तर पावलाचा आकार वाचतो. उशीर झाला तर पाऊल विद्रूप होतं, जखमा होतात आणि कधी पाय गमावण्यापर्यंत वेळ येते.

निदान सुटलं तर पुढे काय होतं?

प्रत्येकाचं वाईटच होतं असं नाही. न सरकलेलं छोटं फ्रॅक्चर नकळत बरंही होतं. पण जी फ्रॅक्चर सरकलेली असतात, त्यांच्यात पुढच्या गोष्टी घडू शकतात.

हाड वाकडं किंवा आखूड होऊन जुळतं. खाच रुंद होते, टॅलस बाहेर सरकतं, चालताना पाय बाहेर पडल्यासारखा वाटतो.

हाड जुळतच नाही. दोन तुकड्यांच्या मध्ये हाडाऐवजी चिवट पडदा तयार होतो. जास्त चाललं की दुखतं.

घोटा अस्थिर होतो. सपाट रस्त्यावरही पाय वारंवार मुरगळतो.

घोटा आखडतो. उकिडवं बसणं, जिने उतरणं, शेतातल्या ढेकळांतून चालणं अवघड होतं.

आणि शेवटी सांधा झिजतो. यात सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की झिजलेली कूर्चा पुन्हा पहिल्यासारखी करून देणारं औषध आजतरी आमच्याकडे नाही.

उशिरा आलात, तरी उपचार आहेत

‘आता काही उपयोग नाही’ असं समजून घरी बसू नका. किती उशीर झाला आणि कूर्चा किती शिल्लक आहे, यावर उपचार ठरतात.

दुखापतीला साधारण तीन आठवड्यांच्या आत कळलं, तर उपचार जवळजवळ ताज्या फ्रॅक्चरसारखेच असतात. जागेवर असेल तर प्लास्टर किंवा बूट, सरकलं असेल तर प्लेट आणि स्क्रू.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत तुकड्यांभोवती नवं हाड धरायला लागलेलं असतं. ते काढून, तुकडे मोकळे करून पुन्हा जागेवर बसवावे लागतात. शस्त्रक्रिया होते, पण ती अधिक किचकट असते.

हाड वाकडं जुळून गेलं असेल आणि कूर्चा बऱ्यापैकी शिल्लक असेल, तर जुळलेलं हाड मुद्दाम पुन्हा कापून, योग्य लांबी आणि दिशा देऊन प्लेटने बसवतात. मधली जागा भरायला कमरेच्या हाडाचा तुकडा घेतात. आमच्या अंगणवाडीताईंवर आम्ही हीच शस्त्रक्रिया केली.

हाड जुळलंच नसेल, तर दोन्ही टोकं ताजी करून, कमरेचं हाड भरून पुन्हा घट्ट बसवतात. मात्र न जुळलेला छोटा तुकडा त्रास देत नसेल, तर तो तसाच ठेवणं शहाणपणाचं. आपण एक्स-रेवर उपचार करत नाही, माणसावर करतो.

सांधा झिजला असेल, तर आधी साधे उपाय : वजन कमी करणं, घोट्याला आधार देणारा पट्टा, गोल तळव्याचे बूट, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी, व्यायाम. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि मोजक्याच. त्यांचा किडनीवर आणि पोटावर परिणाम होतो. एवढ्याने भागलं नाही, तर दोन पर्याय उरतात. एक, घोट्याचा सांधा कायमचा जोडून टाकणं. हे ऐकायला भीतिदायक वाटतं, पण त्यामुळे वेदना जाते आणि रुग्ण चांगलं चालू शकतो. उकिडवं बसणं मात्र जमत नाही आणि शेजारच्या सांध्यांवर पुढे काही वर्षांनी ताण येतो. कष्टाचं काम करणाऱ्या तरुण माणसाला मी बहुधा हाच पर्याय सुचवतो. दुसरा पर्याय कृत्रिम सांध्याचा. तो वयस्कर, कमी धावपळ असलेल्या निवडक रुग्णांसाठी चांगला आहे. पण गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याएवढा तो आपल्याकडे रुळलेला नाही, खर्चही मोठा आहे.

यापैकी काहीही करा, तंबाखू आणि मिश्री बंद करावीच लागते. निकोटिनमुळे हाड जुळायला उशीर होतो, कधी जुळतच नाही. “मी सिगारेट ओढत नाही” असं सांगणाऱ्या कितीतरी बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. ती तंबाखूच आहे.

मग मुदत किती?

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. मी माझ्या रुग्णांना देतो ती मुदत अशी.

पहिले तीन दिवस : आराम, पाय उशीवर उंच, कापडात गुंडाळलेला बर्फ दिवसातून चार-पाच वेळा पंधरा-वीस मिनिटं, क्रेप बँडेज फार घट्ट न बांधता. शेक नाही, चोळणं नाही. पाय वाकडा दिसत असेल, जखम असेल, बोटं गार किंवा बधिर पडली असतील, तर मात्र तीन तासही थांबायचं नाही.

सातवा दिवस : पुन्हा तपासणी, एक्स-रे आधी नॉर्मल आला असला तरी. सूज उतरल्यावर हाडावर नेमकं कुठे दुखतं ते जास्त स्पष्ट कळतं. भार देता येत नसेल किंवा हाडावर दाबून दुखत असेल, तर नव्याने एक्स-रे.

सहावा आठवडा : साधी लचक एव्हाना बरीच सुधारलेली असते. अजून सूज येत असेल, दुखत असेल, पाय दगा देत असेल, तर ‘मुरगळलाय’ हे निदान रद्द. आता सीटी किंवा एमआरआयचा विचार करायचा.

ही जबाबदारी डॉक्टरांची आहेच. चिठ्ठीवर तारीख आम्ही लिहायला हवी. पण लिहिली नसेल तर तुम्ही विचारा. “डॉक्टर, किती दिवसांत फरक पडायला हवा? नाही पडला तर केव्हा येऊ?” या प्रश्नाने कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही. आला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आणि जुने एक्स-रे जपून ठेवा. माझी चूक मला त्या मुलाच्या जुन्या एक्स-रेनेच दाखवली होती.

अंगणवाडीताई परवा तपासणीला आल्या होत्या. ऑपरेशनला आठ महिने झालेत. सूज गेली आहे, काठी सुटली आहे. मुलांसोबत जमिनीवर मांडी घालून बसायला जमतं, उकिडवं बसायला अजून जमत नाही. कदाचित पूर्ण जमणारही नाही, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. त्या हसून म्हणाल्या, “डॉक्टर, आता अंगणवाडीत कुणाचं पोर पडलं, की मी आधी घोटा दाबून बघते. दुखलं तर लगेच आईला सांगते, फोटो काढून आण.”

पाय घसरला तेव्हाच त्यांच्या घोट्याला कुणीतरी असंच एक बोट लावायला हवं होतं.